उरलेल्या पाच टक्क्यांचा हिशेब

कारखान्याने नियम पाळल्यानंतरही जे विषारी वायू हवेत उरतात, त्यांची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न शासकीय कर्तव्य म्हणून ज्यांच्यापुढे फार लवकर उभा राहिला, ते ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथ. आम्लवर्षेचे आद्य अभ्यासक म्हणून ते परिचित आहेत. प्रशासनात आयुष्य गेलेल्या मला मात्र त्यांची निरीक्षकपदाची वीस वर्षे अधिक उद्बोधक वाटतात.

स्मिथ यांचा जन्म १८१७ मध्ये ग्लासगोजवळ झाला. जर्मनीत गीसेन येथे लीबिग यांच्या हाताखाली शिकून त्यांनी १८४१ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढे मँचेस्टरला कर्मभूमी केले. त्या धुरकट शहरातील पावसाच्या पाण्यात आम्ल असल्याचे त्यांनी १८५२ मध्ये दाखवून दिले.

त्या काळी काच, साबण आणि कापड या उद्योगांना लागणारा सोडा मिठावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून बनवीत. त्यातून निघणारा हायड्रोक्लोरिक आम्लवायू विडनेस आणि सेंट हेलेन्सच्या परिसरातील झाडे व पिके जाळीत असे. हा वायू मनोऱ्यात पाण्याने शोषून घेण्याची युक्ती गॉसेज यांनी १८३६ मध्येच शोधली होती. ती वापरण्याची सक्ती मात्र नव्हती. नुकसान नेमक्या कोणत्या धुराड्यामुळे झाले, हे न्यायालयात सिद्ध करणे दुरापास्त होते. अखेर जमीनदारांच्या तक्रारींमुळे १८६३ चा अल्कली कायदा झाला. आम्लवायूचा किमान ९५ टक्के भाग शोषून घेणे बंधनकारक ठरले आणि स्मिथ पहिले निरीक्षक झाले.

हाताशी चार उपनिरीक्षक होते. स्मिथ यांनी खटल्यांपेक्षा मोजमापावर आणि कारखानदारांना तंत्र समजावून देण्यावर भर दिला. बहुतेकांनी ९५ टक्क्यांची अट लवकरच पूर्ण केली. कायदा कागदोपत्री यशस्वी झाला. तक्रारी मात्र थांबल्या नाहीत.

कारण साधे होते. टक्केवारी प्रत्येक कारखान्यापुरती होती, हवा मात्र सर्वांची एकच. उत्पादन दुप्पट झाले की उरलेले पाच टक्केही दुप्पट होत. शिवाय गंधकाचे वायू आणि कोळशाचा धूर कायद्याच्या कक्षेबाहेरच होते. म्हणून १८७४ च्या सुधारणेने धुराड्यातील दर घनफूट वायूमागे ०.२ ग्रेन आम्लाची मर्यादा घातली आणि इतर घातक वायूंसाठी व्यवहार्य अशा सर्वोत्तम उपायांची अट आणली. १८८१ मध्ये कायद्याची व्याप्ती आणखी अनेक रसायन उद्योगांपर्यंत गेली. १८८४ मध्ये पदावर असतानाच स्मिथ यांचे निधन झाले.

कारखानदारांशी ते फार मवाळ वागले, हा त्यांच्यावरील आक्षेप मला अर्धाच पटतो. मनुष्यबळ तुटपुंजे असताना विश्वासार्ह मोजणी उभी करणे हेच मोठे काम होते. खरी उणीव कायद्याच्या मापदंडात होती. उपाय व्यवहार्य आहे का, एवढेच तो विचारी. शेजारच्या वस्तीतील माणसांच्या फुप्फुसांवर काय परिणाम होतो, हे विचारीत नसे.

हा दुसरा प्रश्न अमेरिकेने १९९० च्या सुधारित स्वच्छ हवा कायद्यात घातला. आधी १८९ घातक प्रदूषकांसाठी तंत्रज्ञानाधारित मर्यादा ठरवायच्या आणि त्यानंतर आठ वर्षांच्या आत उरलेला आरोग्यधोका तपासून गरज भासल्यास त्या अधिक कडक करायच्या, अशी ती रचना. आपल्या १९८१ च्या वायू कायद्यात अशा कालबद्ध फेरतपासणीची तरतूद नाही. २००९ मध्ये केंद्रीय मंडळाने ८८ औद्योगिक समूहांची पाहणी केली, तेव्हा ४३ समूह अतिप्रदूषित आढळले. त्याच वर्षी बेंझिन, आर्सेनिक आणि निकेल यांना परिसरातील हवेच्या राष्ट्रीय मानकांत स्थान मिळाले. म्हणजे मोजण्याची साधने आपल्याकडे आहेत. संमतिपत्राचे नूतनीकरण करताना एकट्या धुराड्याऐवजी संपूर्ण समूहाचा उरलेला धोका आणि आसपासच्या रहिवाशांचे आरोग्य तपासणे बंधनकारक केले पाहिजे. स्मिथ यांच्या काळी निदान उरलेला वायू मोजला गेला; तो श्वासावाटे कोणाच्या शरीरात जातो, हे मोजणे आता आपल्याकडे आले आहे.