सेंडाबाईंचा खेळ

आजरा परिसरात मृगाचा पाऊस सुरू झाला, की शाळेच्या मैदानात पाणी साचते. चिखल होतो आणि कबड्डी, खो-खो बंद पडतात. मुलांचे हातपाय मात्र स्वस्थ बसत नाहीत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हीच अडचण हिवाळ्यात येते. तेथे मैदाने बर्फाखाली झाकली जातात. या अडचणीतूनच डिसेंबर १८९१ मध्ये एक नवा खेळ जन्माला आला. स्प्रिंगफील्ड या शहरात जेम्स नेस्मिथ नावाचे व्यायामशिक्षक होते. त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीच या फळाच्या दोन टोपल्या अडकवल्या आणि तरुणांना त्यांत चेंडू टाकायला सांगितले. टोपलीला इंग्रजीत बास्केट म्हणतात. म्हणून या खेळाचे नाव बास्केटबॉल पडले.

नेस्मिथ यांनी हा खेळ पुरुष विद्यार्थ्यांसाठी तयार केला होता. कॉलेजात शिकणाऱ्या मुलींना तो शिकवण्याचा मान सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेकडे जातो.

सेंडाचा जन्म १९ मार्च १८६८ रोजी लिथुआनियातील बुट्रिमोनिस या लहानशा गावी एका ज्यू कुटुंबात झाला. त्या वेळी हा प्रदेश रशियन साम्राज्यात होता. तिचे वडील पोटापाण्यासाठी आधी एकटेच अमेरिकेला गेले. १८७५ मध्ये आई मुलांना घेऊन त्यांच्याकडे बोस्टन शहरात आली. सेंडा तेव्हा सात वर्षांची होती. परका देश, परकी भाषा आणि घरात गरिबी. वडील दारोदार फिरून भांडीकुंडी विकत. तरीही त्या घरात विद्येची आवड होती. सेंडाचा थोरला भाऊ बर्नार्ड पुढे चित्रकलेचा जगप्रसिद्ध जाणकार झाला.

सेंडा लहानपणापासून अशक्त होती. वारंवार आजारी पडत असल्यामुळे तिचे शिक्षण नीट होत नसे. तिला संगीताची आवड होती. ती पियानो शिकू लागली. पण पाठदुखीमुळे तेही सोडावे लागले. अखेर १८९० मध्ये ती बोस्टनमधील एका संस्थेत दाखल झाली. त्या संस्थेत व्यायामशिक्षिका तयार केल्या जात. सेंडाला शिक्षिका व्हायचे नव्हते. आपली तब्येत सुधारावी, एवढाच तिचा हेतू होता. सुरुवातीला तिला कसरतीचा मनापासून कंटाळा येई. थोडा वेळ उभे राहिले तरी अंग दुखे. पण तिने हिंमत सोडली नाही. काही महिन्यांतच तिच्या शरीरात ताकद आली. जी मुलगी व्यायामापासून दूर पळत होती, तिला व्यायामाची गोडी लागली. आपल्याला जे मिळाले ते इतर मुलींनाही मिळाले पाहिजे, असे तिला वाटू लागले.

जानेवारी १८९२ मध्ये सेंडाबाई नॉर्थॅम्प्टन येथील स्मिथ कॉलेजात व्यायामशिक्षिका म्हणून रुजू झाल्या. हे फक्त मुलींचे कॉलेज होते. तेथून स्प्रिंगफील्ड सुमारे ३० किलोमीटर, म्हणजे आजऱ्याहून गडहिंग्लज जितके दूर आहे त्यापेक्षा थोडे अधिक अंतरावर होते. नव्या खेळाची माहिती छापून आली, ती सेंडाबाईंच्या वाचनात आली. आपल्या मुलींना हा खेळ शिकवायचा, असे त्यांनी ठरवले.

हे काम सोपे नव्हते. आपल्याकडच्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतच वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण झाल्या होत्या. अशी उदाहरणे डोळ्यांसमोर असूनही मुलींना उच्च शिक्षण झेपेल का, याविषयी त्या देशातही वाद चालू होता. बोस्टनचे एक डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये एक पुस्तक लिहिले होते. फार अभ्यास केल्याने मुलींची प्रकृती बिघडते, असे त्यांचे म्हणणे होते. ते पुस्तक खूप गाजले. जेथे अभ्यासाचीच भीती, तेथे धावणे, उड्या मारणे आणि चेंडूसाठी झुंजणे लोकांना कसे रुचणार? मुलींना एखादी गंभीर दुखापत झाली असती, तर खेळ बंद पडायला वेळ लागला नसता.

२२ मार्च १८९३ रोजी स्मिथ कॉलेजच्या व्यायामशाळेत सामना ठरला. दुसऱ्या वर्षाच्या मुली विरुद्ध पहिल्या वर्षाच्या मुली असा तो सामना होता. पुरुष प्रेक्षकांना आत प्रवेश नव्हता. कॉलेजच्या मुलींनी मात्र तुडुंब गर्दी केली होती. दोन्ही वर्गांचे रंग वेगवेगळे होते आणि गाणी व आरोळ्यांनी व्यायामशाळा दुमदुमत होती. खेळ सुरू करण्यासाठी सेंडाबाईंनी चेंडू वर उडवला. तोच पहिल्या वर्षाच्या संघातील मधली खेळाडू खाली पडली आणि तिचा खांदा निखळला. ज्याची भीती होती तेच पहिल्या क्षणी घडले! पण कोणी घाबरून गेले नाही. त्या मुलीला उपचारासाठी बाजूला नेण्यात आले, तिच्या जागी दुसरी मुलगी आली आणि खेळ पुढे चालू झाला. दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी तो ५-४ असा जिंकला. कॉलेजातील मुलींचा हा पहिला बास्केटबॉल सामना मानला जातो.

सेंडाबाईंनी या खेळाचा बारकाईने विचार केला. धक्काबुक्की आणि हिसकाहिसकी वाढली, तर मुलींचा खेळ टिकणार नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी नियम बदलले. क्रीडांगणाचे रेषा आखून तीन भाग केले. प्रत्येक खेळाडूने आपल्याच भागात राहायचे. दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावायचा नाही. तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ तो धरून ठेवायचा नाही आणि तीनपेक्षा जास्त वेळा जमिनीवर आपटायचा नाही. त्यामुळे एकटीने सारा खेळ आपल्याकडे ठेवणे शक्य होईना. चेंडू मैत्रिणीकडे द्यावाच लागे. एकमेकींवर विश्वास ठेवून खेळणे, हाच सेंडाबाईंच्या मते या खेळाचा खरा लाभ होता.

हा खेळ इतर शाळा-कॉलेजांत झपाट्याने पसरला. जो तो आपापले नियम लावू लागला. तेव्हा १८९९ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे व्यायामशिक्षकांच्या परिषदेत एक समिती नेमण्यात आली. सेंडाबाईंचे नियम पायाभूत मानून मुलींसाठी एकच नियमावली तयार झाली. तिच्या पुस्तकाचे संपादन त्यांनीच केले. १९०५ ते १९१७ या काळात त्या महिला बास्केटबॉल समितीच्या अध्यक्षा होत्या.

त्यांचे काम एवढ्यावरच थांबले नाही. १८९७ मध्ये त्या स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे जाऊन व्यायामशास्त्राचे आणखी शिक्षण घेऊन आल्या. त्यांनी कॉलेजातील मुलींना तलवारबाजी आणि लोकनृत्ये शिकवली. अशक्त मुलींसाठी त्या खास व्यायाम घेत. स्वतः दुबळेपण भोगल्यामुळे अशा मुलींचे दुःख त्यांना ठाऊक होते.

१९११ मध्ये सेंडाबाईंचा विवाह त्याच कॉलेजातील इंग्रजीचे प्राध्यापक हर्बर्ट ॲबट यांच्याशी झाला. त्यांनी स्मिथ कॉलेज सोडले. पण शिकवणे सोडले नाही. १९२१ पर्यंत त्या नॉर्थॅम्प्टनमधील मुलींच्या एका शाळेत व्यायामशिक्षण विभाग सांभाळत होत्या. आयुष्याच्या अखेरीस त्या कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे राहत. १६ फेब्रुवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

सेंडाबाईंच्या विचारांनाही त्या काळाच्या मर्यादा होत्या. दोन कॉलेजांच्या संघांनी एकमेकांविरुद्ध चुरशीने खेळावे, हे त्यांना पसंत नव्हते. जिंकण्याची हाव वाढेल, असे त्यांना वाटे. ज्या रेषांनी मुलींचा खेळ वाचवला, त्याच रेषांनी पुढे मुलींना अडवून धरले. पुढच्या पिढ्यांनी त्या एकेक करून पुसल्या. १९३८ मध्ये तीन भागांचे दोन झाले. १९७१ मध्ये अमेरिकेतील कॉलेजांच्या मुली पाच जणींच्या संघाने सबंध क्रीडांगणावर खेळू लागल्या. १९७६ मध्ये माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये महिलांच्या बास्केटबॉलला प्रथमच स्थान मिळाले.

१९८५ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील बास्केटबॉलच्या गौरव दालनात सेंडाबाईंचे नाव सन्मानाने दाखल झाले. हा मान मिळालेल्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचा समावेश आहे.

सेंडाबाईंच्या नियमांनी आज कोणी खेळत नाही. पण मुली खेळू शकतात, हे एकदा सिद्ध झाले, ते झालेच. कोणतेही दार आधी थोडे उघडावे लागते. मग येणारे लोक ते सताड उघडतात. ते पहिले थोडे उघडणे फार कठीण असते. एका अशक्त, गरीब, परदेशातून आलेल्या मुलीने ते करून दाखवले.