जॉन म्यूर : जंगल दाखवणारा आणि जंगल राखणारा माणूस

जंगलात माणसांना जाऊ द्यावं की नको, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेल्या एका माणसाची आज ओळख करून घेऊ.

जॉन म्यूर यांचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधील डनबार गावी झाला. ते ११ वर्षांचे असताना कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिनला आलं. वडील फार कडक, दिवसभर शेतात राबावं लागायचं. जॉन अंधार असतानाच उठून लाकडाची घड्याळं आणि यंत्रं बनवत. १८६७ मध्ये कारखान्यात काम करताना कानस निसटून तिचं टोक उजव्या डोळ्यात गेलं. काही आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. दृष्टी परत आली, तेव्हा त्यांनी ठरवलं की आता यंत्रं नाहीत, निसर्गच पाहायचा. मग ते सुमारे १६०० किलोमीटर चालत फ्लोरिडाला गेले.

१८६८ मध्ये ते कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात पोहोचले. पुढच्या उन्हाळ्यात सुमारे २००० मेंढ्यांच्या कळपाबरोबर ते डोंगरात राहिले. कळप जिथून जाई तिथली फुलं, गवत सगळं साफ होई. हे त्यांच्या मनाला फार लागलं. खुद्द खोरं १८६४ पासूनच लोकांच्या विरंगुळ्यासाठी राखलेलं होतं. पण तिथेही हॉटेलं, फळबागा आणि चाऱ्याची शेतं झाली होती. म्हणजे नुसतं राखीव म्हटल्याने जागा वाचत नाही.

म्यूर यांनी मासिकांत लेख लिहिले, लोकमत तयार केलं. १८९० मध्ये खोऱ्याभोवतीचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. १८९२ मध्ये सिएरा क्लब स्थापन झाला आणि म्यूर अखेरपर्यंत त्याचे अध्यक्ष राहिले. १९०१ पासून क्लबने दरवर्षी डोंगरात मोठ्या सहली न्यायला सुरुवात केली. जे पाहिलं नाही त्यावर प्रेम कसं बसणार, असा त्यामागचा साधा विचार. १९०३ मध्ये तर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्यांच्याबरोबर तीन रात्री उघड्यावर राहिले. १९०६ मध्ये खोरंही राष्ट्रीय उद्यानात आलं.

पण याच उद्यानात हेच हेची नावाचं दुसरं सुंदर खोरं होतं. सॅन फ्रान्सिस्को शहराला पाण्यासाठी तिथे धरण हवं होतं. धरणवाले म्हणत, इथे येतं तरी कोण? आणि ते खरंच होतं, तिथे फार थोडे लोक जात. तरीही खोऱ्याच्या बाजूने बरेच लोक उभे राहिले, पण ते पुरेसं ठरलं नाही. डिसेंबर १९१३ मध्ये धरणाचा कायदा झाला. वर्षभरात, २४ डिसेंबर १९१४ रोजी म्यूर गेले. १९२३ मध्ये धरण पूर्ण होऊन खोरं पाण्याखाली गेलं.

गंमत बघा, ज्या १९१३ साली हेच हेचीचा निकाल लागला, त्याच साली योसेमिटी खोऱ्यात मोटारींना परवानगी मिळाली. आज तिथे साधारणपणे वर्षाला ३० ते ४० लाख लोक येतात. गाड्यांच्या रांगा लागतात, काही उन्हाळ्यांत तर आगाऊ नोंदणी सक्तीची करावी लागली. एक खोरं कोणी पाहिलं नाही म्हणून गेलं, दुसरं सगळ्यांना पाहायचंय म्हणून दमलं.

आणखी एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. या खोऱ्यात आधी अहवाह्नीची लोक राहत होते. १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीने त्यांना हुसकावलं. मूळ रहिवाशांबद्दल म्यूर यांनी अनुदार शब्द लिहिले, हे सिएरा क्लबनेही २०२० मध्ये जाहीरपणे मान्य केलं. थोर माणसांचं सगळंच थोर नसतं.

वर्गात किंवा घरी मुलांना एवढंच विचारा : लोकांनी यावं आणि जागाही टिकावी, यासाठी तुम्ही कोणते तीन नियम कराल? आणि त्या नियमांमुळे तिथे राहणाऱ्यांचं काय होईल? उत्तरं वहीत लिहून घ्या. पुढच्या सहलीला निघताना ती वही जरूर सोबत ठेवा.