फुटक्या गाडग्याची श्रीमंती

आमच्या यावलला पूर्वी घरोघरी चिंध्यांचे एक बोचके असे. जुनी लुगडी, धोतरे, फाटके सदरे त्यात जमत आणि उन्हाळ्यात त्यांची गोधडी होई. बँकेत नोकरी लागल्यावर मायने शिवलेली अशी एक गोधडी मी बोहारणीला देऊन टाकली. बदल्यात स्टीलचा डबा आला. माय काही बोलली नाही. पण त्या डब्यात तिने कधी काही भरले नाही. आता कचऱ्याचा विषय निघाला की मला तो रिकामा डबा आठवतो, आणि पाठोपाठ गाडगेबाबा.

डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे नाव. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परिटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी गेले. मामाकडे गुरे राखीत, शेत कसत डेबूजी वाढले. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेलेलीही त्यांनी पाहिली. कर्जाचे कागद हाताळण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो. 1905 साली त्यांनी घर सोडले.

अंगावर ठिगळांचा झगा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि एक फुटके गाडगे. ते गाडगे जेवायला ताट, तहान लागली तर पेला आणि उन्हात टोपी! लोकांनी जे टाकून दिले, त्यावर या माणसाचा संसार उभा होता. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, कष्ट करून भाकरी मिळवायची आणि रात्री त्याच लोकांपुढे कीर्तन करायचे. सकाळी गाव झाडले जाई, रात्री मने. पैसा आला तो पंढरपूर, नाशिक, आळंदी येथील धर्मशाळांत गेला. स्वतःसाठी काही नाही.

पण बाबांना नुसते झाडूवाले संत समजणे बरोबर नाही. समाजाने माणसेही टाकून दिली होती. पंढरीला अस्पृश्य वारकऱ्यांना आसरा मिळेना, तेव्हा बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. 1956 च्या 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि चौदाच दिवसांनी, 20 डिसेंबरला, गाडगेबाबाही गेले.

त्यांच्या नावाने राज्यात 2000 साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावे झाडली गेली, बक्षिसे मिळाली. मात्र कचरा मुळात कमी करावा, हा बाबांच्या गाडग्याचा धडा आपण सोयीस्करपणे विसरलो. त्यांनी सुरुवातीच्या काळात ऋणमोचनला पूर्णेचा घाट झाडला. ती पूर्णा चांगदेवला तापीला मिळते आणि तापी आमच्या तालुक्याच्या कडेने वाहते. वरच्या गावाने फेकलेली पिशवी खालच्या गावाच्या काठाला लागते. आम्हीही काही कमी नाही. घड कापला की केळीचे खांब बांधावर फेकतो. त्यांचे चांगले खत होते, धागा निघतो, हे ठाऊक असूनही!

मायचा तो डबा अजून घरात आहे. परवा सूनबाईने तो ओट्याशेजारी ठेवला. भाजीची देठे, केळीची साले त्यात जमतात आणि संध्याकाळी मी ती परसातल्या खड्ड्यात टाकून येतो. इतक्या वर्षांनी डबा भरू लागला. गोधडी मात्र परत मिळायची नाही.