नगीब महफूझ : कचेरीतील कादंबरीकार

नोकरी आणि घरसंसार सांभाळून तुम्ही हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. अरबी भाषेतील ज्या कादंबरीकाराचा परिचय आपण येथे करून घेणार आहोत, त्यांनीही आपले बरेचसे लेखन कचेरी सुटल्यानंतरच्या वेळात केले. नगीब महफूझ १९३४ ते १९७१ अशी सदतीस वर्षे इजिप्तच्या सरकारी सेवेत होते.

त्यांचा जन्म ११ डिसेंबर १९११ रोजी कैरोच्या जुन्या गमालिया वस्तीत झाला. बाळंतपण अवघड होते. ते सुखरूप पार पाडणाऱ्या डॉक्टरांचेच नाव वडिलांनी मुलाला दिले. डॉक्टर ख्रिस्ती आणि कुटुंब धर्मनिष्ठ मुसलमान, हे पुढील हकिकत वाचताना ध्यानात असू द्या. १९१९ मध्ये इंग्रजांविरुद्ध कैरो पेटले, तेव्हा रस्त्यावरील गोळीबार या सात वर्षांच्या मुलाने घराच्या खिडकीतून पाहिला. पुढे कुटुंबाने गमालिया सोडली, पण तेथील गल्ल्या, कॉफीघरे आणि दुकाने त्यांच्या लेखनातून कधीच गेली नाहीत.

तत्त्वज्ञानाची पदवी घेतल्यावर पुढील संशोधन त्यांनी साहित्यासाठी अर्धवट सोडले आणि नोकरी मात्र धरून ठेवली. विद्यापीठाची कचेरी, मग वक्फ खाते, त्यानंतर संस्कृती खाते असा हा प्रवास झाला. डोळ्यांच्या विकारामुळे उन्हाळ्याचे महिने लेखनाविना जात. उरलेल्या महिन्यांत ठरलेल्या वेळी ते टेबलाशी बसत. कचेरीत येणारे अर्जदार, बढतीची वाट पाहणारे कारकून, पेन्शनीला टेकलेले अधिकारी यांना त्यांच्या कादंबऱ्यांत मानाचे स्थान आहे. नोकरीने त्यांचा वेळ घेतला हे खरे, पण माणसेही तिनेच पुरवली.

सुरुवातीला प्राचीन इजिप्तवर तीन कादंबऱ्या लिहून ते आपल्या काळाकडे वळले. कैरोतील एका व्यापारी कुटुंबाची १९१७ ते १९४४ या काळातील कथा सांगणारी त्रिखंडी कादंबरी ही त्यांची सर्वांत मोठी निर्मिती. तिच्या तिन्ही खंडांची नावे गमालियातील रस्त्यांवरून घेतलेली आहेत. बाहेर रंगेल आणि घरात कठोर असा तिच्यातील बाप एकदा वाचल्यावर विसरणे कठीण. १९५२ च्या क्रांतीपूर्वीच ती लिहून झाली होती. हस्तलिखिताचा आकार पाहून प्रकाशकाने नकार दिला, तेव्हा पहिला भाग आधी मासिकातून क्रमशः आला आणि पुस्तके १९५६-५७ मध्ये निघाली. दरम्यान क्रांतीनंतरची काही वर्षे महफूझ यांनी कादंबरी लिहिलीच नाही.

भाषेचे विद्यार्थी म्हणून एका गोष्टीकडे तुम्ही लक्ष द्यावे. अरबीत लिहिण्याची आणि बोलण्याची भाषा यांत मोठे अंतर आहे. महफूझ यांनी गल्लीतील माणसांचे संवादही ग्रांथिक अरबीतच लिहिले. मराठी ग्रामीण कथेतील बोलीभाषेतले संवाद वाचणाऱ्या आपल्याला हे कृत्रिम वाटेल. मात्र त्यामुळे मोरोक्कोपासून इराकपर्यंतचा वाचक त्यांना थेट वाचू शकला. हा सौदा त्यांनी जाणीवपूर्वक केला होता.

१९५९ मध्ये ‘औलाद हारितना’, म्हणजे ‘आमच्या गल्लीतील मुले’, ही कादंबरी ‘अल-अहराम’ या दैनिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. एका गल्लीतील मूळ पुरुष आणि त्याचे वंशज यांच्या कथेत मोझेस, येशू व महंमद पैगंबर यांच्या चरित्रांच्या छाया धर्मपंडितांना दिसल्या. गदारोळ झाला. क्रमशः छपाई पूर्ण झाली, पण इजिप्तमध्ये पुस्तक निघू शकले नाही. ते १९६७ मध्ये बैरूतहून आले. अल-अझहरच्या संमतीशिवाय मायदेशी ते छापायचे नाही, अशी भूमिका खुद्द लेखकानेच घेतली. काहींना हा भित्रेपणा वाटतो. प्रस्तुत लेखकास त्यात नियम पाळणारा जुना कारकून दिसतो. बाजू सोडली नाही, भांडणही वाढवले नाही.

१९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे ते पहिले अरबी लेखक ठरले. स्टॉकहोमला ते स्वतः गेले नाहीत. पारितोषिक त्यांच्या दोन मुलींनी स्वीकारले. प्रसिद्धीबरोबर जुना वाद पुन्हा उफाळला. त्यांनी पोलीस संरक्षण नाकारले. १४ ऑक्टोबर १९९४ रोजी घराबाहेर एका तरुणाने त्यांच्या मानेत सुरा खुपसला. त्याने ती कादंबरी वाचलेलीही नव्हती. ब्याऐंशी वर्षांचे महफूझ वाचले, परंतु नसांना इजा होऊन उजवा हात निकामी झाल्यासारखा झाला.

सहा दशके रोज चाललेला हात थांबला होता. त्यांनी वहीत आपले नाव पुन्हा पुन्हा गिरवून अक्षरे नव्याने शिकायला घेतली. ओळी वाकड्या जात आणि थोड्याच वेळात हात थके. मोठी रचना आता शक्य नव्हती, म्हणून त्यांनी स्वप्ने लिहिली, प्रत्येक काही ओळींचे. हात अगदीच चालेना, तेव्हा मनात पूर्ण रचून ते ती सांगत आणि दुसरे कोणी लिहून घेई.

३० ऑगस्ट २००६ रोजी कैरोत त्यांचे निधन झाले. ‘औलाद हारितना’ पुस्तकरूपाने इजिप्तमध्ये त्यानंतर काही महिन्यांतच प्रकाशित झाली.