मलिक अंबर

मलिक अंबर (जन्म: इ.स. १५४८च्या सुमारास, मृत्यू: १४ मे १६२६) हा अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा, सेनापती आणि वास्तुकलेचा आश्रयदाता होता. गुलाम म्हणून भारतात आलेल्या या हबशी सरदाराने निजामशाही सुमारे पाव शतक मोगलांपासून राखली आणि खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे शहर वसवले.

पूर्वायुष्य

अंबरचा जन्म इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू होते. बालपणीच तो विकला गेला आणि मोखा, बगदाद अशा ठिकाणी त्याचे धनी बदलत गेले. मीर कासिम या धन्याने त्याला शिक्षण दिले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीझ खान याने त्याला विकत घेतले. चंगीझ खान स्वतःही एकेकाळी गुलाम होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला. काही काळ त्याने आदिलशाहीत चाकरी केली व नंतर तो अहमदनगरला परतला.

राजकीय कारकीर्द

इ.स. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. अंबरने राजघराण्यातील मुर्तजा याला परांडा येथे गादीवर बसवले व स्वतः राज्यकारभार पाहिला. मराठा शिलेदारांच्या साहाय्याने त्याने गनिमी काव्याने लढा दिला. शेतसारा जमिनीची पाहणी करून उत्पन्नाच्या प्रमाणात ठरवण्याची त्याची पद्धत मलिकंबरी म्हणून ओळखली गेली. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले.

खडकीची उभारणी

१६१० च्या सुमारास अंबरने खाम नदीकाठच्या खडकी या गावी राजधानी वसवली. भडकल दरवाजा, नौखंडा महाल व जामा मशीद या वास्तूंची उभारणी त्याच्या नावे नोंदली जाते. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा व विठापुरा या वस्त्यांना मराठा सरदारांची नावे दिली गेली, असे मानले जाते. उत्तरेकडील टेकड्यांतील पाणी जमिनीखालच्या नळांतून केवळ उताराच्या बळावर शहरात आणणारी नहर-ए-अंबरी ही त्याची सर्वांत महत्त्वाची निर्मिती होय. अरबस्तानातील हद्रमौतच्या विद्वानांनाही त्याने आश्रय दिला.

१६१६ मध्ये रोशनगावच्या पराभवानंतर आणि १६२१ मध्ये शाहजहानच्या स्वारीत मोगल फौजांनी खडकी उद्ध्वस्त केली. दोन्ही वेळा ती पुन्हा उभी राहिली.

मृत्यू व वारसा

अंबरची कबर खुलताबाद येथे आहे. शहरातून पडेगावमार्गे दौलताबादकडे जाणारा रस्ता पुढे तेथे पोहोचतो. त्याचा मुलगा फतेह खान याने खडकीला फतेहनगर हे नाव दिले, तर १६५३ मध्ये औरंगजेबाने ते औरंगाबाद केले. १६३६ मध्ये निजामशाही संपुष्टात आली. अंबरने वसवलेले शहर मात्र पुढे मोगलांच्या दख्खन सुभ्याचे प्रमुख केंद्र बनले.

बादशहा जहांगीर अंबरचा उल्लेख तुच्छतेने करीत असे. अंबरच्या छिन्न मस्तकावर बाण सोडणारा जहांगीर अबुल हसन या चित्रकाराने रंगवला. प्रत्यक्षात तसे कधी घडले नाही. याउलट, मोगल इतिहासकार मुतमद खान याने अंबरच्या मृत्यूनंतर त्याचे युद्धकौशल्य व कारभार यांची मोकळेपणाने प्रशंसा केली. हाशिम या चित्रकाराने काढलेले त्याचे व्यक्तिचित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.