असिसीच्या कापडवाल्याचा मुलगा

बोरिवली पश्चिमेला आय. सी. कॉलनीच्या आसपास राहणाऱ्यांना सेंट फ्रान्सिस हे नाव नवे नाही. त्या नावाची शाळा आहे, इंजिनिअरिंगचे कॉलेज आहे. मुलांच्या प्रवेशाचे अर्ज भरताना कितीतरी आईबापांनी ‘सेंट फ्रान्सिस डी असिसी’ असे लिहिले असेल. त्यातल्या ‘डी असिसी’चा अर्थ अगदी साधा आहे: असिसीचा. देहूचे तुकोबा, आळंदीचे ज्ञानोबा, तसा हा असिसीचा फ्रान्सिस. आपल्याकडे संताला गाव चिकटते तसेच तिकडेही चिकटले. पण या माणसाची गोष्ट त्याच्या गावाच्या चढउतारांशी इतकी बांधलेली आहे की ते गाव पायी हिंडल्याशिवाय ती नीट उमगत नाही.

असिसी आहे इटलीच्या मध्यभागी, उंब्रिया प्रांतात. रोमहून गाडीने दोन-अडीच तास. सुबासिओ नावाच्या डोंगराच्या उतारावर, फिकट गुलाबी दगडांत बांधलेले हे छोटे गाव दुरून दिसते तेव्हा एखाद्या किल्ल्याची माचीच वाटते. रेल्वे स्टेशन मात्र खाली सपाटीवर, चारेक किलोमीटरवर. तिथून बस वर चढते. गाव दाखवणारे वाटाडे पर्यटकांना बहुधा वरच्या अंगाला गोळा करतात आणि गल्ल्यागल्ल्यांतून खाली आणतात. गुडघ्यांना हे सोयीचे पडते, हे झाले एक कारण. दुसरे असे की फ्रान्सिसचे आयुष्यही असेच वरून खाली आले.

माथ्यावर रोक्का माज्जोरे हा किल्ला आहे. ११९८ साली, फ्रान्सिस सोळा-सतरा वर्षांचा असताना, गावकऱ्यांनी इथली जर्मन सम्राटाच्या सरदाराची गढी पाडली. आज दिसतो तो नंतर बांधलेला किल्ला. गढी पडली, पण भांडण मिटले नाही. गावात दोन थर होते. वरच्या अंगाला राहणारी सरदार घराणी म्हणजे ‘थोरले’, आणि व्यापारी, कारागीर वगैरे ‘धाकटे’. हे दोन शब्द वाचकाने लक्षात ठेवावेत.

किल्ल्यावरून उतरले की सान रुफिनोचे देऊळ लागते. तिथल्या दगडी कुंडावर फ्रान्सिसचा बाप्तिस्मा झाला असे सांगतात. साल ११८१ किंवा ११८२. वडील पिएत्रो दि बेर्नार्दोने हे कापडाचे मोठे व्यापारी. मुलगा झाला तेव्हा ते खरेदीसाठी फ्रान्सला गेले होते. आईने नाव ठेवले जोव्हान्नी. बाप परतला आणि ज्या देशाच्या मालावर घर उभे होते त्या देशावरून पोराला फ्रान्चेस्को म्हणू लागला, म्हणजे जवळजवळ ‘फ्रेंचाळलेला’. तेच नाव टिकले.

आणखी खाली उतरले की गावचा मोठा चौक येतो. इथे येशूच्याही आधीच्या काळातल्या रोमन मिनर्व्हादेवीच्या देवळाचे सहा खांब अजून शाबूत आहेत. जर्मन कवी ग्योथे १७८६ साली इथे आला तो हे खांब पाहायला. फ्रान्सिसचे भव्य मंदिर त्याने डावीकडे टाकले आणि चालता झाला! या चौकाच्या मागेच बेर्नार्दोनेंचे घर होते असे मानतात. दुकानाचा हा मुलगा उधळ्या, गाण्याबजावण्याचा शौकीन, मित्रांच्या जेवणावळींचा पैसा चुकता करणारा. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा. बापाला खर्च खुपत होता, पण मुलगा सरदारांच्या पोरांत उठतो-बसतो याचे कौतुकही होते. घाटकोपर-मुलुंडच्या पेढीवरच्या कुठल्याही बापाला हे कळेल.

त्याची हौस होती शूर सरदार व्हायची. १२०२ साली शेजारच्या पेरुजाशी लढाई झाली, असिसी हरले आणि फ्रान्सिस कैदेत पडला. वर्षभराने सुटला तो आजार घेऊनच. बरा झाल्यावर पुन्हा घोडा, पुन्हा चिलखत. दक्षिणेच्या मोहिमेवर निघाला आणि एका मुक्कामावरून, स्पोलेतोहून, माघारी फिरला. कारण म्हणून चरित्रकार एक स्वप्न सांगतात. बाजारात मात्र हसू झाले असणार.

इथून पुढे गोष्ट गावाच्या वेशीबाहेर जाते. खालच्या सपाटीवर महारोग्यांच्या वस्त्या होत्या. त्यांची फ्रान्सिसला इतकी शिसारी होती की तो दुरूनच नाक धरून वळायचा. एके दिवशी वाटेत महारोगी समोर आला तेव्हा तो घोड्यावरून उतरला, त्याच्या हातावर पैसे ठेवले आणि तो हात ओठांना लावला. पुढे आयुष्याच्या अखेरीस, आपण बदललो कुठून याचा हिशोब देताना त्याने देवळातल्या कुठल्या चमत्कारापासून नव्हे, तर या महारोग्यांपासून सुरुवात केली. आपल्याकडे बाबा आमट्यांचे असेच झाले. जमीनदाराच्या घरात वाढलेला तो निर्भय माणूस पावसात पडलेल्या महारोग्याला पाहून प्रथम घाबरून पळाला, आणि त्या भीतीचीच लाज वाटून पुढे आनंदवनापर्यंत पोचला.

वेशीखाली, ऑलिव्हच्या बागांमधून उतरत गेले की सान दामियानोचे चिमुकले देऊळ येते. तेव्हा ते पडायला आले होते. तिथल्या क्रूसासमोर बसला असता आपले घर पडत चालले आहे ते सावर, असा आदेश त्याला ऐकू आला म्हणतात. त्याने तो शब्दशः घेतला. बापाच्या दुकानातले किमती तागे घोड्यावर लादले, फोलिन्योच्या बाजारात मालासकट घोडाही विकला आणि पैसे पुजाऱ्यापुढे ठेवले. पुजारी शहाणा होता, त्याने पैशाला हात लावला नाही.

बाप चिडला यात नवल नाही. चरित्रांतून पिएत्रोला खलनायक करतात ते मला पटत नाही. दुकानातला माल न विचारता विकला तर कोणता बाप गप्प बसेल? त्याने पोराला घरात कोंडले. आईने बाप बाहेर गेल्यावर सोडून दिले. शेवटी प्रकरण बिशपपुढे गेले. १२०६ सालची ही गोष्ट. बिशपच्या वाड्यासमोर सारा गाव जमला. बिशपने पैसे परत करायला सांगितले. फ्रान्सिसने पैसे तर दिलेच, वर अंगावरचे कपडे एकेक उतरवून त्यांची घडी बापापुढे ठेवली. कापडाच्या व्यापाऱ्याचे देणे कापडासकट फिटले. यापुढे आपला बाप स्वर्गातला, पिएत्रो नव्हे, असे त्याने सर्वांदेखत जाहीर केले. बिशपने घाईघाईने आपल्या झग्यात त्याला झाकले. बेर्नार्दोने कपड्यांचे बोचके घेऊन घरी गेला. इतिहासात तो त्यानंतर फारसा दिसत नाही. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली तेव्हा भावाचा वाटा आधी वेगळा काढून दिला होता. फ्रान्सिसने तेवढाही सबुरीचा मार्ग ठेवला नाही.

पुढची दोन-तीन वर्षे तो दगड मागत हिंडला आणि पडकी देवळे बांधत राहिला. पोरे चिखल मारायची, वेडा म्हणायची. मग एकेक सोबती मिळू लागला. १२०९ साली अकरा जणांना घेऊन तो रोमला पायी गेला आणि तिसऱ्या इनोसंट पोपने या भणंग टोळीला तोंडी परवानगी दिली. आपल्या पंथाला त्याने नाव घेतले ‘धाकटे बंधू’. वरच्या आळीचे थोरले आणि खालचे धाकटे यांच्या गावात वाढलेल्या माणसाने हा शब्द सहज घेतला नसणार. राहायची जागाही त्याने अगदी खालची निवडली. सपाटीवर, दलदलीजवळ, पोर्झिउंकोला नावाची देवळी. बांधली तर एखाद्या खोलीएवढी.

१२१२ सालच्या झावळ्यांच्या रविवारी रात्री त्या देवळीत एक मुलगी आली. तिचे नाव क्लारा. सान रुफिनोजवळच्या वाड्यात राहणाऱ्या सरदार घराण्यातली, म्हणजे अस्सल थोरल्यांपैकी. घरचे झोपल्यावर ती चोरून निघाली होती. फ्रान्सिसने स्वतः तिचे केस कापले. पुढे ती सान दामियानोत राहिली, चाळीस वर्षांहून अधिक काळ. काही मालकीचे असू नये हा हक्क तिने पोपांशी भांडून मिळवला. बायकांच्या संघासाठी नियम लिहिणारी ती पहिली बाई. त्या नियमांना पोपची मान्यता १२५३ साली आली आणि दोनच दिवसांनी ती वारली. वाटाडे तिचे देऊळ दाखवतात, पण तिच्याबद्दल बोलतात थोडे. खरे तर फ्रान्सिसचा शब्द त्याच्या शिष्यांपेक्षा तिनेच काटेकोर पाळला.

कारण शिष्य वाढले आणि अडचणही वाढली. बाराचे हजारो झाले. एकदा फ्रान्सिस परगावी असताना गावकऱ्यांनी पोर्झिउंकोलाजवळ बंधूंसाठी पक्के दगडी घर बांधले. परतल्यावर हा गडी छपरावर चढला आणि कौले खाली फेकू लागला. अखेर घर गावाच्या मालकीचे आहे, बंधूंचे नाही, असे खालून ओरडून सांगितले तेव्हा तो उतरला. या माणसाच्या साऱ्या चरित्रात मला हा प्रसंग सर्वांत खरा वाटतो.

आणि इथेच बोरिवलीकराला आपल्या दारची एक जागा आठवावी: मंडपेश्वरची लेणी. पोर्तुगीजांना १५३४च्या तहाने वसई-साष्टीचा मुलूख मिळाला. त्यांच्यामागून फ्रान्सिसकन साधू आले. अंतोनियो द पोर्तो नावाच्या साधूच्या पुढाकाराने १५४०च्या दशकात या शैव लेण्याचे चर्च झाले आणि वरच्या टेकडीवर राजाश्रयाने मोठा मठ उभा राहिला. १७३९ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, मठ ओस पडला. आज टेकडीवर भिंतींचे अवशेष आहेत आणि खाली लेण्यात पुन्हा शिवाची पूजा होते. ज्याने गावाने दिलेले घरही सहन केले नाही, त्याच्या नावाने सत्तेच्या जोरावर दुसऱ्याच्या देवाचे घर घेतले गेले. त्याच नावाने पुढे आपल्या उपनगरात शाळाही चालल्या, पिढ्या शिकल्या. एकाच नावाच्या खात्यावर दोन्ही जमा आहेत.

त्याची स्वतःची रीत निराळी होती. १२१९ साली इजिप्तमध्ये दमिएत्ता शहराभोवती धर्मयुद्ध पेटले असताना तो एका सोबत्यासह निःशस्त्र पलीकडच्या छावणीत गेला आणि सुलतान अल-कामिलला भेटला. सुलतानाने ऐकून घेतले आणि त्याला सुखरूप परत पाठवले. धर्म कोणीच बदलला नाही. पण मान कापली जाण्याच्या त्या दिवसांत हेही थोडे नव्हते.

परतला तो डोळ्यांचा आजार घेऊन. १२२० साली त्याने पंथाचा कारभार सोडला. १२२३ साली ग्रेच्चो गावी नाताळात खरा बैल, खरे गाढव आणि गवताची गव्हाण मांडून त्याने येशूजन्माचा देखावा केला. आज वांद्र्यापासून वसईपर्यंत डिसेंबरात गव्हाणी दिसतात त्यांच्या मागे ही रात्र आहे. १२२४ साली ला व्हेर्नाच्या डोंगरावर त्याच्या अंगावर येशूच्या पाच जखमा उमटल्या असे त्याचे सोबती सांगत. डोळ्यांसाठी वैद्यांनी तापल्या लोखंडाने कानशिलाला डाग दिले. उपयोग शून्य. जवळजवळ आंधळा होऊन सान दामियानोच्या खोपटात पडला असता, उंदरांच्या सुळसुळाटात, त्याने सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हणणारे गीत रचले, तेही लॅटिन सोडून गावच्या बोलीत. इटालियन कवितेचा इतिहास तिथून सुरू करतात. मराठी वाचकाला संस्कृत सोडून बोलीत लिहिण्याचे महत्त्व समजावून सांगायला नको.

आता गाव बदलले होते. हा माणूस संत ठरणार आणि त्याचा देह जिथे पडेल त्या गावाचे भाग्य उजळणार, हे सर्वांना कळून चुकले होते. शेवटच्या आजारात त्याला असिसीला आणताना पेरुजाचे लोक पळवतील या भीतीने आडवाटेने आणले, सोबत हत्यारबंद माणसे. चिखल फेकणाऱ्या गावाने पहारा बसवला! बिशपच्या वाड्यात ठेवले तेव्हा त्याने खाली पोर्झिउंकोलाला नेण्याचा हट्ट धरला. वाटेत महारोग्यांच्या इस्पितळाजवळ त्याने आपली खाट गावाच्या दिशेने वळवायला लावली. दिसत नव्हतेच. तरी वर हात करून त्याने गावाला आशीर्वाद दिला. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी संध्याकाळी, स्वतःच्या इच्छेने उघड्या जमिनीवर निजून, तो गेला. वय चव्वेचाळीसच्या आसपास.

दुसऱ्याच दिवशी गाव त्याला घेऊन डोंगर चढले. दोन वर्षांत तो संत म्हणून घोषित झाला आणि लगेच गावाच्या पश्चिम टोकाला त्याच्या नावाच्या मंदिराचा पाया पडला. तोवर त्या टेकाडाला नरकाची टेकडी म्हणत, पुढे स्वर्गाची म्हणू लागले. एकावर एक दोन मंदिरे झाली. वरच्यात त्याच्या आयुष्याची अठ्ठावीस चित्रे आहेत. ती ज्योत्तोची की नाही यावर पंडित अजून भांडतात. २६ सप्टेंबर १९९७च्या भूकंपात या मंदिराचे छत कोसळून चार माणसे गेली. चित्रांचे हजारो तुकडे वेचून पुन्हा जोडले. खालच्या सपाटीवरची देवळीही सुटली नाही. तिच्यावर एवढे अवाढव्य चर्च बांधले की ती आता त्याच्या पोटात खेळण्यासारखी दिसते. फेरीच्या शेवटी बस तिथे थांबते.

देह १२३० साली नव्या मंदिरात हलवला तेव्हा चोरांच्या भीतीने इतका खोल पुरला की जागाच विसरली गेली. १८१८ साली बावन्न रात्री खणल्यावर ती सापडली. मग त्या दगडी पेटीभोवती संगमरवराचे डौलदार तळघर बांधले. शंभर वर्षांनी लोकांना ते बरे दिसेना. १९२५ नंतर तो सगळा संगमरवर काढला, आणि आता तिथे सुबासिओच्या डोंगराचा साधा, ओबडधोबड दगड आहे.