अंडाशयाचा दुवा शोधणारा शल्यविशारद

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत जातो. तिच्या पेशींत इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे 'रिसेप्टर' आहेत की नाहीत, हे कळल्याखेरीज उपचारांची दिशा ठरत नाही. या तपासणीमागचा प्रश्न ज्यांच्या शस्त्रक्रियेतून उभा राहिला, ते स्कॉटलंडचे शल्यविशारद म्हणजे सर जॉर्ज थॉमस बीटसन.

बीटसन यांचा जन्म १८४८ मध्ये तत्कालीन सिलोनमधील त्रिंकोमाली येथे झाला. केंब्रिज व एडिंबरा येथे त्यांचे शिक्षण झाले. एम.डी.च्या प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो स्तन्यनिर्मितीचा. कर्करोगाशी त्याचा वरकरणी काहीच संबंध नव्हता. पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना एक साम्य दिसले. दूध देणाऱ्या स्तनात पेशींची झपाट्याने वाढ होते आणि त्या पेशींचे स्निग्ध द्रव्यात रूपांतर होऊन दूध बनते. कर्करोगातही वाढ तशीच असते, मात्र तिला हा शेवट नसतो. गाय व्यायल्यावर तिचे अंडाशय काढले तर ती दीर्घकाळ दूध देत राहते, हा पशुपालकांचा अनुभवही त्यांच्या वाचनात आला. स्तनातील पेशींच्या वाढीवर अंडाशयाचे नियंत्रण असावे, असे अनुमान त्यांनी काढले. 'हॉर्मोन' हा शब्दही तेव्हा रूढ नव्हता. त्यांच्या तर्कातील काही दुवे पुढे चुकीचे ठरले, निष्कर्ष मात्र टिकला.

१५ जून १८९५ रोजी त्यांनी ३३ वर्षांच्या एका रुग्ण महिलेचे दोन्ही अंडाशय काढले. स्तनाची शस्त्रक्रिया होऊनही तिचा आजार छातीवर पुन्हा पसरला होता आणि नेहमीचे उपाय संपले होते. काही महिन्यांत गाठी विरल्या. ती आणखी सुमारे चार वर्षे जगली. १८९६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध होताच इतर शल्यविशारदांनीही हा मार्ग अवलंबला.

अडचण इथेच सुरू झाली. साधारण तीनपैकी एकाच रुग्णाला गुण येई. उरलेल्या दोघी पोटाच्या शस्त्रक्रियेचा धोका पत्करत, अंडाशय गमावत आणि हाती काहीच लागत नसे. गुण कोणाला येणार, हे आधी ओळखण्याचे साधन बीटसन यांच्याकडे नव्हते. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही ते कोणाकडे नव्हते. ग्लासगोतील कर्करोग रुग्णालयाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.

उत्तर शिकागोत मिळाले. एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सर्गी हायड्रोजन जोडलेल्या इस्ट्रोजेनचा माग काढत पेशींतील रिसेप्टर शोधला. १९७०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी दाखवून दिले की, गाठीत रिसेप्टर मुबलक असतील तरच संप्रेरके रोखण्याचा उपयोग होण्याची शक्यता असते. ते नसतील तर तो क्वचितच होतो.

रिसेप्टर नसलेल्या गाठींचा दुसरा गुणधर्म त्यानंतर लक्षात आला. शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या केमोथेरपीने गाठ पूर्ण नाहीशी होण्याचे प्रमाण उलट याच गाठींत अधिक आहे. रिसेप्टर भरपूर असलेल्या, संथ वाढणाऱ्या गाठींत ते बरेच कमी आढळते. त्यामुळे पेशींची ठेवण, विभाजनाचा वेग आणि रिसेप्टर हे तिन्ही आता एकत्र पाहिले जातात. तरीही समोर बसलेल्या एका रुग्णाबाबत हा अहवाल शक्यताच सांगतो, खात्री देत नाही.